गुंतणं, गुरफटणं आणि इंग्रजीतलं ‘एन्टँगल’: नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

लेथ मशीनवर बऱ्याच ठिकाणी एक पिवळा त्रिकोण चिकटवलेला दिसतो. त्यात फिरते रोलर आणि त्यांत ओढला जाणारा हात काढलेला असतो, आणि खाली इंग्रजीत दोन शब्द: ‘एन्टँगलमेंट हॅझर्ड’. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या आयटीआयच्या एका मुलानं मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, ‘‘मॅडम, ‘गुंतागुंतीचा धोका’ म्हणजे काय? मशीन तर साधंच आहे.’’

त्यानं शब्दकोश उघडून पाहिला होता आणि तिथे ‘गुंतागुंत’ असंच लिहिलेलं होतं. पाटीला मात्र सांगायचं होतं की सैल बाही, गळ्यातला गमछा, मोकळे केस, हातमोजा, यातलं काहीही फिरत्या भागाभोवती गुरफटेल आणि त्याच्या मागोमाग हात आत जाईल. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चालत्या यंत्राला तेलपाणी करणाऱ्या माणसानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं सांगितलं आहे, ते याच भीतीनं. ‘गुरफटण्याचा धोका’ एवढे दोन शब्द त्याला मिळाले असते तर विचारायची वेळच आली नसती. त्या दिवशी ठरवलं की या एका क्रियापदावर सविस्तर लिहायचं, कारण मराठी माणूस यात अडखळतो ते त्याला इंग्रजी येत नाही म्हणून नाही. आपलं ‘गुंतणे’ फार मोठ्या पोटाचं आहे आणि इंग्रजीनं तेच काम दहा-बारा शब्दांत वाटून दिलं आहे.

पहिली पायरी: दोरा हातात घ्या

शिवणाचा दीड-दोन मीटर दोरा एका रिकाम्या डब्यात टाका, झाकण लावा आणि मिनिटभर डबा हलवा. उघडून पाहा. तुम्ही काहीही बांधलेलं नाही, तरी दोरा स्वतःभोवतीच फिरून बसलेला असेल. २००७ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन संशोधकांनी हाच प्रयोग फिरत्या डब्यात हजारो वेळा केला. लांब दोरीत काही सेकंदांत गाठी पडायच्या. साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकड्यात पडायच्या नाहीत. खिशातल्या हेडफोनच्या वायरचं रोज हेच होतं.

आता आपली भाषा पाहा. गाठ आपण मारतो; गुंता होतो. गुंता कुणी मारत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. निरगाठ असो की सुरगाठ, ती ‘नॉट’, आणि ती माणूस बांधतो. ‘टँगल’ मात्र आपोआप होतो. हात नसताना झालेला, नकोसा, सोडवायला वेळ खाणारा वेढा म्हणजे टँगल. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलंत तर पुढचं निम्मं काम झालं.

मग ‘एन्टँगल’ कशाला हवा? त्याच्या सुरुवातीला जी ई-एन ही अक्षरं आहेत त्यांत उत्तर आहे. ‘एन्केज’ म्हणजे पिंजऱ्यात घालणं, ‘एन्सर्कल’ म्हणजे वेढ्यात घेणं, तसं ‘एन्टँगल’ म्हणजे गुंत्यात घेणं. दोरा एकटाच स्वतःत गुंतला तर बहुतेकदा ‘टँगल्ड’ म्हणतात. त्या दोऱ्यात दुसरं कुणीतरी सापडलं की ‘एन्टँगल्ड’ शोभतो. संक्रांतीला येवल्यात किंवा नागपुरात फिरकीवरच्या मांजाचा गुंता झाला, तर मांजा टँगल्ड. त्याच मांज्यात घारीचा पंख गुरफटला, तर घार एन्टँगल्ड. (नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती अशा पक्ष्यांमुळे आणि गळे कापल्या गेलेल्या माणसांमुळे. दर जानेवारीत इंग्रजी बातम्यांत हे क्रियापद हमखास भेटतं, तेव्हा वाचून पाहा.)

उच्चारात जोर ‘टँग’वर द्यायचा, आणि त्यातला ग स्पष्ट ऐकू यायला हवा. पुढे ‘इंग’ लावताना शेवटचा ई गळतो.

दुसरी पायरी: ‘कुणाला?’ असं विचारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

मराठीत आपल्याकडे जोड्या आहेत. गुंतणे आणि गुंतवणे. अडकणे आणि अडकवणे. गुरफटणे आणि गुरफटवणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. आपण जोडीतला योग्य शब्द विचार न करता उचलतो. चार वर्षांचं पोरही ‘दोरा गुंतवला’ आणि ‘दोरा गुंतला’ यात चुकत नाही.

इंग्रजीतला ‘एन्टँगल’ हा या जोडीतला फक्त दुसरा शब्द आहे. तो ‘गुंतवणे’ आहे. ‘गुंतणे’ नाही. त्याला कर्म लागतंच, कारण ‘गुंत्यात घेणं’ म्हटलं की कुणाला घेतलं हे सांगावं लागतं.

सुताच्या व्यापाऱ्याकडे ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनं ईमेलमध्ये लिहिलं होतं: ‘द यार्न एन्टँगल्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.’ तिला म्हणायचं होतं की वाहतुकीत सूत गुंतलं. इंग्रजी वाचणारा मात्र वाक्य संपलं तरी थांबून राहतो: सुतानं गुंतवलं, पण कशाला? मराठीत कुणी ‘सुतानं गुंतवलं’ एवढंच म्हणून गप्प बसलं तर आपल्यालाही असंच वाटेल.

दुरुस्ती सोपी आहे. ‘गॉट’ घाला: ‘द यार्न गॉट टँगल्ड ड्युरिंग ट्रान्सपोर्ट.’ आपल्याला ‘गुंतला, गुंतली, गुंतलं’ म्हणायचं असेल तिथे ‘गॉट टँगल्ड’ किंवा ‘गॉट एन्टँगल्ड’. आणि ‘गुंतलेला आहे, गुंतलेला होता’ म्हणायचं असेल तिथे ‘इज टँगल्ड’, ‘वॉज टँगल्ड’. घडलेली गोष्ट सांगायची तर गेट (त्याचंच रूप गॉट), दिसणारी अवस्था सांगायची तर बी (त्याचीच रूपं इज, वॉज). मराठीतला ‘-लेला’ आला की बी घ्यायचं, एवढं लक्षात ठेवलंत तरी दहातली नऊ वाक्यं बरोबर येतील.

स्वतःच्याच हालचालीनं कुणी गुरफटलं तर ‘स्वतःला’ हे कर्म होतं. ‘द काफ एन्टँगल्ड इटसेल्फ इन द रोप’ म्हणजे वासरानं दाव्यात स्वतःला गुरफटून घेतलं. खुंट्याभोवती फेऱ्या मारून मारून दावं आखूड करून घेतलेलं वासरू ज्यानं पाहिलं आहे, त्याला या वाक्यासाठी वेगळं चित्र लागणार नाही.

‘टँगल’ मात्र दोन्हीकडून चालतो. ‘माय हेअर टँगल्स ईझिली’, माझ्या केसांचा पटकन गुंता होतो. आणि ‘द विंड टँगल्ड माय हेअर’, वाऱ्यानं केस गुंतवले. मराठीतही असे दुहेरी शब्द आहेतच: शिवण उसवते, आणि आपणही शिवण उसवतो. म्हणून शंका आली की टँगलकडे वळा, तो चुका माफ करतो. एन्टँगल करत नाही.

तिसरी पायरी: विभक्ती ऐका

कुठलं शब्दयोगी लावायचं, ‘इन’ की ‘विथ’ की ‘ऑन’, हे घोकून लक्षात राहत नाही. त्यापेक्षा आपलं मराठी वाक्य मोठ्यानं म्हणा आणि शेवटचा प्रत्यय ऐका.

‘जाळ्यात’, ‘तारेत’, ‘चाकात’ असा त ऐकू आला तर ‘इन’. मासा, कासव, ओढणी, जे आत सापडलं ते ‘एन्टँगल्ड इन’. ‘एकमेकांत’ किंवा ‘त्याच्याशी’ असेल, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच गुंतल्या असतील, तर ‘विथ’: चार्जरची वायर हेडफोनच्या वायरमध्ये गुंतली, ‘टँगल्ड विथ’. इथे मराठीत ‘मध्ये’ असूनही इंग्रजीत विथ येतं, कारण एक वायर दुसरीला पकडून बसलेली नाही, दोघी मिळून गुंता झाला आहे.

‘ला’ ऐकू आला तर बहुधा एन्टँगल नकोच. ‘पदर खिळ्याला अडकला.’ खिळा एकच टोक पकडतो, वेढा घालत नाही. त्याला ‘कॉट ऑन अ नेल’ म्हणा, किंवा कापडाचा धागा ओढला गेला असेल तर ‘स्नॅग्ड ऑन अ नेल’. एक अपवाद सांगून ठेवते: ‘पतंग झाडाला अडकला’ यात ला असला तरी इंग्रजीत ‘इन अ ट्री’, कारण फांद्या चारी बाजूंनी असतात. आणि दार, ड्रॉवर, चिखलातली एसटी, हे सगळे ‘स्टक’. तिथे दोरीही नाही, वेढाही नाही.

शंका राहिली तर एकच गोष्ट करून पाहा, मनातल्या मनात ओढा. ओढल्यावर सुटतं किंवा फाटतं, ते कॉट. ओढल्यावर आणखी आवळतं, ते एन्टँगल्ड.

समुद्राच्या बातम्यांत हा फरक नेमका दिसतो. उत्तर अटलांटिकमध्ये ‘राइट व्हेल’ नावाचा देवमासा आहे. आता जगात चारशेहून कमी उरले आहेत. खेकडे आणि लॉब्स्टर पकडायच्या सापळ्यांच्या उभ्या दोऱ्या त्याच्या तोंडाभोवती, परांभोवती, शेपटीभोवती वेढतात. तो पळायला जातो तशी दोरी मांसात रुतते. जहाजांची धडक आणि हे गुरफटणं ही त्याच्या मरणाची दोन मुख्य कारणं आहेत, आणि दुसऱ्या कारणाला तिथले शास्त्रज्ञ एकाच शब्दात ‘एन्टँगलमेंट’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर हे कासवांचं होतं. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. २०१८ च्या अखेरीस ही योजना आली. तिच्याबद्दलच्या इंग्रजी बातम्या काढून वाचल्यात तर ‘एन्टँगल्ड इन’ किती सहज येतं ते कळेल.

चौथी पायरी: माणसं, पैसा, मन

दोरी संपली की खरी अडचण सुरू होते.

‘मी कामात गुंतले आहे.’ ‘पैसे जमिनीत गुंतवले.’ ‘नातवंडांत जीव गुंतला.’ ‘पोरांना चित्रं काढण्यात गुंतवलं.’ या चारही वाक्यांत आपलं गुंतणं त्रासाचं नाही. काही ठिकाणी तर गोड आहे. इंग्रजीतल्या एन्टँगलला हा गोडवा बहुतेकदा नसतो. त्यात नकळत ओढलं जाणं असतं, बाहेर पडता न येणं असतं, थोडी बदनामीही असते. म्हणून या चार वाक्यांपैकी एकातही तो चालणार नाही. कामात गुंतलात तर ‘बिझी’ किंवा ‘टाइड अप’. पैसे गुंतवले तर ‘इन्व्हेस्टेड’. जीव गुंतला तर ‘अटॅच्ड टू’. पोरांना गुंतवलं तर ‘केप्ट देम ऑक्युपाइड’.

एका मुलीचा नोकरीचा अर्ज माझ्याकडे तपासायला आला होता. पाच वर्षं ती दर रविवारी वस्तीतल्या मुलांचं वाचनालय चालवत होती. स्वतःच्या खर्चानं पुस्तकांना कव्हरं घालायची. ते सगळं तिनं एका ओळीत लिहिलं: ‘आय ॲम एन्टँगल्ड इन सोशल वर्क सिन्स फाइव्ह इयर्स.’ वाचणाऱ्याला वाटणार, हिला कुणीतरी अडकवलं आहे आणि ही सुटायला बघते आहे. आम्ही ते असं केलं: ‘आय हॅव बीन इन्व्हॉल्व्ह्ड इन सोशल वर्क फॉर फाइव्ह इयर्स’, आणि त्याखाली वाचनालयाचं वाक्य वेगळं घातलं. इतक्या प्रेमानं केलेलं काम एका क्रियापदानं झाकोळलं जावं याचं मला फार वाईट वाटलं होतं.

मग माणसांच्या बाबतीत एन्टँगल कुठे? कोर्टकचेरी, कर्ज, घोटाळा, दुसऱ्याचं भांडण. ‘गॉट एन्टँगल्ड इन अ प्रॉपर्टी डिस्प्यूट’ म्हणजे जमिनीच्या वादात अडकला, तेही बहुधा इच्छा नसताना. राजकारणात या अर्थाचा जुना दाखला अमेरिकेचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या लेखात विचारलं होतं की आपली शांतता आणि भरभराट युरोपच्या महत्त्वाकांक्षेच्या फाशात का गुंतवायची. तिथे क्रियापद हेच आहे. ‘एन्टँगलिंग अलायन्सेस’, गळ्यात पडणाऱ्या मैत्र्या, हा शब्दप्रयोग पुष्कळ जण त्यांच्याच नावावर टाकतात. तो १८०१ च्या थॉमस जेफरसन यांच्या पहिल्या शपथविधीच्या भाषणातला आहे. परराष्ट्र धोरणावरच्या इंग्रजी लेखांत तो आजही येतो.

प्रेमाच्या संदर्भात ‘रोमँटिक एन्टँगलमेंट’ म्हटलं तर लफडं किंवा निस्तरावं लागणारं प्रकरण असा वास येतो. लग्नपत्रिकेच्या आसपास हा शब्द आणू नका.

या नियमाला एक मोठा अपवाद म्हणजे भौतिकशास्त्र. एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये दोन कणांच्या अवस्था एकमेकींपासून वेगळ्या मांडताच येत नाहीत या गोष्टीला इंग्रजीत ‘एन्टँगलमेंट’ नाव दिलं. जर्मनमध्ये त्यांनी जो शब्द वापरला तो हाताची घडी घालण्यासाठीही वापरतात. तिथे ना त्रास, ना बदनामी. ती फक्त संज्ञा आहे. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच जोडल्या गेलेल्या प्रकाशकणांच्या प्रयोगांसाठी ॲलन आस्पे, जॉन क्लॉसर आणि अँटन झायलिंगर यांना मिळालं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा अर्थ वेगळ्या कप्प्यात ठेवावा.

आणखी एक छोटा पण उपयोगी प्रयोग: ‘टँगल विथ’ आणि पुढे माणूस. ‘डोन्ट टँगल विथ हिम’ म्हणजे त्याच्या नादी लागू नकोस, त्याच्याशी पंगा घेऊ नकोस.

पाचवी पायरी: गुंतणं आणि गुंफणं

एका अक्षरानं मराठीत केवढा फरक पडतो पाहा. फुलं दोऱ्यात गुंतली तर ती सोडवावी लागतात. गुंफली तर गजरा होतो. इंग्रजीत हे काम ‘ट्वाइन’वाले शब्द करतात: ‘एन्ट्वाइन’, ‘इंटरट्वाइन’. ट्वाइन म्हणजे पीळ दिलेली दोरी, आणि त्याचं मूळ ‘दोन’ या संख्येत आहे, जशी आपली दुपेडी दोरी. मांडवावर चढलेले जाईचे दोन वेल, हातात गुंफलेली बोटं, दोन घराण्यांचा एकमेकांत मिसळलेला इतिहास, या सगळ्याला इंटरट्वाइन्ड. वेणीचे पेड तर माणूस मुद्दाम घालतो, म्हणून तिला ‘ब्रेड’ किंवा ‘प्लॅट’. टँगल कधीच नाही.

बाकीची भावकी थोडक्यात. वाहतूक कोंडीच्या बातमीत ‘ट्रॅफिक स्नार्ल’ दिसेल. भांडणात किंवा वादात ओढलं जाणं म्हणजे ‘एम्ब्रॉइल्ड’, तो एन्टँगलपेक्षा तापट. जाळ्याच्या डोळ्यांत अडकणं ‘एन्मेश्ड’.

सहावी पायरी: सोडवणं

माझी मुलगी लहान होती तेव्हा शाळेच्या गडबडीत मी तिच्या केसांत वरून फणी घालायची आणि ती किंचाळायची. आईनं फणी हातातून घेतली, गुंत्याच्या वरचे केस मुठीत घट्ट धरले म्हणजे मुळाला ओढ बसू नये, बोटाला चार थेंब तेल लावलं आणि शेंड्याकडून सुरुवात केली. खालचा बोटभर भाग मोकळा झाला की मग थोडं वर. पाच मिनिटं लागली, पण एक केस तुटला नाही. इंग्रजीत या कामाला ‘डीटँगल’ म्हणतात आणि शाम्पूच्या बाटल्यांवर तो शब्द छापलेला असतो. दोरा, वायर, लोकरीची लडी यांना ‘अनटँगल’. माणसाला प्रकरणातून किंवा एका मुद्द्याला दुसऱ्यापासून वेगळं काढायचं तर ‘डिसएन्टँगल’.

‘अनरॅव्हल’ जपून वापरा. त्याला दोन मराठी शब्द लागतात. रहस्य अनरॅव्हल केलं म्हणजे उलगडलं. पण स्वेटर अनरॅव्हल झाला म्हणजे उसवला, आणि बेत अनरॅव्हल झाला म्हणजे फिसकटला. शिवाय गंमत अशी की मुळातला ‘रॅव्हल’ हा सोळाव्या शतकाच्या सुमाराचा शब्द गुंतणे आणि उलगडणे या दोन्ही उलट अर्थांनी वापरला गेला आहे. धाग्याचं टोक सुटतं तेव्हाच ते दुसऱ्या धाग्यात अडकतं, हे विणकाम करणाऱ्या बायकांना सांगावं लागत नाही.

सराव

ही वाक्यं आधी स्वतः करा, मग उत्तर पाहा.

‘हेडफोनच्या वायरचा पुन्हा गुंता झाला.’ इथे ‘झाला’ आहे, म्हणजे गेट: ‘द हेडफोन केबल हॅज गॉटन टँगल्ड अगेन’, ब्रिटिश इंग्रजीत ‘हॅज गॉट’.

‘तिची ओढणी स्कूटरच्या चाकात गुरफटली.’ त आहे, वेढा आहे: ‘हर ओढणी गॉट एन्टँगल्ड इन द स्कूटर्स व्हील.’ परदेशी वाचकासाठी ओढणीच्या जागी ‘स्कार्फ’ घाला.

‘काल दिवसभर मी बँकेच्या कामात गुंतले होते.’ एन्टँगल नको: ‘आय वॉज टाइड अप विथ बँक वर्क ऑल डे येस्टरडे.’

‘सोसायटीचा पुनर्विकास कोर्टात अडकला.’ इथे हवा: ‘द रीडेव्हलपमेंट गॉट एन्टँगल्ड इन लिटिगेशन.’

‘मच्छीमारांनी कासव जाळ्यातून सोडवलं.’ याची दोन उत्तरं होतात, आणि नावेवर काय घडलं ते विचारल्याशिवाय निवडता येत नाही. जाळं कापलं असेल तर ‘दे कट द टर्टल फ्री’. पाण्यातच एकेक फास बोटांनी काढून जाळं शाबूत ठेवलं असेल, तर ‘दे डिसएन्टँगल्ड द टर्टल फ्रॉम द नेट’.